तराजूराव स्कूटर ठरवतात

तराजूरावांची जुनी स्कूटर सकाळी पावणेसातला, इस्पितळाच्या फाटकापासून अर्ध्या किलोमीटरवर गेली. चोरीला नव्हे; गेली. आधी खोकली, मग डब्यात खिळे हलवल्यासारखा तिच्या पोटातून आवाज आला, आणि मग ती इतकी गप्प झाली, की मागे बसलेली बायको बोलत होती ते वाक्य तराजूरावांना एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकू आलं.

"...म्हणून म्हणते, या महिन्यात तरी नवी घ्या," असं ते वाक्य होतं.

एवढं बोलून ती उतरली, पर्स खांद्याला लावली आणि उरलेलं अंतर चालत गेली. ती इस्पितळाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. ड्यूटी सातची. घरापासून इस्पितळ बारा किलोमीटर. तराजूरावांचं ऑफिस दहाला उघडायचं, म्हणून रोज सकाळी तिला सोडून ते परत येत, पेपर वाचत, आणि मग स्वतःच्या कामाला जात. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि असंच चालणार याबद्दल दोघांनाही काही शंका नव्हती.

गॅरेजवाल्याने स्कूटर उघडली, आत पाहिलं आणि परत बंद केली.

"साहेब, इंजिनात इंजिन उरलेलं नाही."

"म्हणजे दुरुस्त किती दिवसांत होईल?"

गॅरेजवाल्याने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर डॉक्टर लोक नातेवाइकांना बाहेर बोलावतात तेव्हाची असते.

तराजूराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, खोटं वजन सापडलं की जप्त करायचं, असं त्यांचं काम. इमारतीत सगळे त्यांना पाठीमागे तराजूराव म्हणत, आणि आपल्याला हे माहीत नाही असं ते दाखवत. स्वभावाने माणूस वाईट नव्हता. फक्त दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. दुधाच्या पिशवीवर अर्धा लिटर लिहिलेलं असलं तरी ते ती मोजपात्रात ओतून बघत, आणि मग दूध कमी निघालं तर वाईट वाटे आणि बरोबर निघालं तर त्याहून वाईट वाटे.

अशा माणसाला स्कूटर घ्यायची होती. आणि स्कूटर आता दोन प्रकारची मिळत होती.

दुसरा कोणी असता तर दुकानात गेला असता, रंग बघितला असता आणि संध्याकाळी इमारतीखाली हॉर्न वाजवला असता. तराजूरावांनी दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर पेट्रोल, उजव्या पानावर इलेक्ट्रिक. "निर्णय शास्त्रशुद्ध झाला पाहिजे," ते बायकोला म्हणाले. "एकदा घेतली की पंधरा वर्षं बघायला नको."

"तोवर मी कशी जाऊ?"

"बस आहेच की. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

बस एक नव्हती, दोन होत्या. मधे बदलायची. त्यासाठी तिला सव्वापाचला घर सोडावं लागे.

आता, वही आणली की माणसाने ती कोणाला दाखवू नये. तराजूरावांनी ती जिन्यात दाखवली. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना, मागे घर. त्यांच्याकडे जुनी पेट्रोल स्कूटर होती आणि तिच्याबद्दल ते आपल्या मुलांबद्दल बोलत नसत इतक्या मायेने बोलत.

"पेट्रोल म्हणजे जिवंत वस्तू हो," डॉक्टर म्हणाले. "आवाज करते, वास येतो, धूर येतो. बिघडायची असली की आधी कुरकुरते. बॅटरी कशी असते सांगू? दातासारखी. वरून पांढरीशुभ्र, आतून किडलेली. आणि ठणका लागतो तेव्हा काढण्याशिवाय इलाज नसतो."

तराजूरावांनी 'किडणे' हा मुद्दा उजव्या पानावर लिहिला.

दुसऱ्या मजल्यावर भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक राहत. त्यांनी जन्मात कुठलंही वाहन घेतलं नव्हतं, म्हणून त्यांची मतं अगदी निर्मळ होती. "पेट्रोल म्हणजे काय ते ठाऊक आहे का?" ते म्हणाले. "कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेले समुद्रातले जीव. त्यांना जाळून तुम्ही वहिनींना कामावर सोडणार? मनाला पटतं?"

तराजूरावांना हा मुद्दा कुठल्या रकान्यात लिहावा हे कळेना. त्यांनी नवा रकाना आखला.

पहिल्या महिन्यात बायकोने दर रविवारी विचारलं, "ठरलं का?" दुसऱ्या महिन्यात एकदाच विचारलं. तिसऱ्या महिन्यात तिने विचारणं सोडून दिलं. आपली पद्धत तिला पटली, असा तराजूरावांनी याचा अर्थ घेतला. वही तोपर्यंत निम्मी भरली होती. तिच्यात चढाचे कोन होते, टायरच्या हवेचे दाब होते, थंडीत बॅटरी किती गळाठते याचा तक्ता होता. सव्वापाचला बसथांब्यावर किती अंधार असतो याबद्दल काही नव्हतं.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस ते चाचणी घ्यायला निघाले. आधी पेट्रोलच्या शोरूममध्ये. तिथली विक्रेती मुलगी गोड बोलणारी होती. "काका, एक चक्कर मारून या ना. बघा कशी पळते."

"एकट्याने मारून काय कळणार? मला मागे वजन लागेल. बासष्ट किलो."

"मग काकूंना घेऊन या की."

"काकू ड्यूटीवर आहेत," तराजूराव म्हणाले आणि त्यांनी रिक्षातून वजनं उतरवली. वीस किलोची तीन आणि दोन किलोचं एक. खात्याची, शिक्क्याची, खणखणीत बिडाची. त्यांनी ती मागच्या सीटवर दोरीने नीट बांधली, लांब उभं राहून पाहिलं, आणि "साधारण अशीच बसते," असं पुटपुटत गाडी सुरू केली.

शोरूमच्या दारातून बाहेर पडण्यासाठी एक छोटा उतार होता. त्या उतारावर बायको सैल झाली. वीस किलोचं एक वजन मागच्या मागे घसरलं आणि गुळगुळीत फरशीवर असं पडलं, की आत बसून अर्ज भरणारी तीन गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. फरशीला मधोमध तडा गेला. तराजूराव आधी वजनाकडे धावले. त्याचा टवका उडालेला नव्हता. "एक ग्रॅम कमी झालेलं नाही!" ते आनंदाने म्हणाले. तो आनंद त्या दालनात दुसऱ्या कोणाला झाला नाही. मॅनेजरने त्यांना पुन्हा इथे येऊ नये अशी हात जोडून विनंती केली.

पुढे दोन गोष्टी घडल्या. सरकारी वजनं खाजगी कामासाठी कार्यालयाबाहेर नेल्याबद्दल खात्याने त्यांना लेखी खुलासा विचारला. 'सदर वजने पत्नीऐवजी वापरण्यात आली' हे वाक्य लिहिताना बत्तीस वर्षांच्या डागरहित नोकरीकडे पाहून त्यांचे डोळे भरून आले. आणि दुसरं म्हणजे, शोरूममधली मुलगी रक्त द्यायला इस्पितळात गेली तेव्हा तिने ही हकिगत हसत हसत नेमकी बायकोलाच सांगितली.

बायको घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "बासष्ट नाही. आता छप्पन आहे."

"कधीपासून?"

"बसने जायला लागल्यापासून."

त्यांनी वहीत दुरुस्ती केली.

चौथ्या महिन्यात एका मंगळवारी ऑफिसात फोन आला. बायकोच बोलत होती. "हात मोडलाय. डावा, मनगटात. बसमधून उतरताना पडले. तशी मी ठीक आहे. येताना माझं ओळखपत्र घेऊन या, टेबलावर राहिलंय."

तराजूराव घरी जाऊन ओळखपत्र घेऊन बसने निघाले. त्या बसने ते पहिल्यांदाच जात होते. मधे बस बदलली. पुढे पाऊण तास उभे होते. एका माणसाची पिशवी त्यांच्या बरगडीत होती आणि कोणाची तरी छत्री पोटरीत. थांबा आला तेव्हा बस पुरती थांबली नाही, नुसती मंद झाली, आणि वाहक ओरडला, "उतरा, उतरा, चला!" तराजूराव उतरले. उतरून, सवयीने, पायरीकडे पाहिलं. रस्त्यापासून दीड फूट. त्यांची नजर सहसा चुकत नसे. दीड फूट, आणि खाली फूटपाथची फुटकी कड. ते तिथे इतका वेळ उभे राहिले, की मागून आलेल्या दुसऱ्या बसने हॉर्न दिला.

बायको प्लास्टर घालून बाकावर बसली होती. ते शेजारी बसले. मग म्हणाले, "ओळखपत्र आणलंय."

"ठेवा इथे," ती म्हणाली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "सहा आठवड्यांनी प्लास्टर निघेल. त्या दिवशी दारात जी उभी असेल तिच्यावर मी बसेन. पेट्रोल असो, वीज असो, रॉकेल असो. पण उभी असू दे."

पेट्रोलवाल्या शोरूमचं दार बंद झालेलंच होतं. त्यामुळे निर्णय शास्त्रशुद्ध रीतीने इलेक्ट्रिकच्या बाजूने लागला.

स्कूटर आली. पांढरी, चकचकीत, आणि इतकी मुकाट की इमारतीखाली येऊन उभी राहिली तरी कोणी खिडकीतून डोकावलं नाही. तराजूरावांना ते जरा लागलं. प्राध्यापक मात्र खाली आले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "भविष्यकाळ!" मग विचारलं, "चार्ज कुठे करणार?"

हा प्रश्न वहीत एकशे बाराव्या पानावर होता. 'सोपे. खाली प्लग घेणे,' असं त्यापुढे लिहिलेलं होतं.

खाली प्लग घ्यायचा तर सोसायटीची परवानगी हवी. सेक्रेटरी म्हणाले, "आमची काही हरकत नाही. वीज कार्यालयाचं पत्र तेवढं आणा, की जोडणीला त्यांची मंजुरी आहे." तराजूराव वीज कार्यालयात गेले. तिथला कारकून म्हणाला, "मंजुरी देतो ना. सोसायटीचा ठराव आणा."

"सोसायटी म्हणते आधी तुमचं पत्र."

"आम्ही म्हणतो आधी त्यांचा ठराव."

"मग सुरुवात कोणी करायची?"

"तुम्ही सरकारी नोकरीतच आहात ना?" कारकून म्हणाला. "मग मला काय विचारता?"

तराजूराव परत फिरले. त्यांच्या खात्यातही असंच चाले, फक्त ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेले असत.

शेवटी त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीतून अडतीस फूट वायर खाली सोडली. तिच्या टोकाला एक बोर्ड बांधला, तो पार्किंगच्या खांबाला अडकवला, आणि त्यात स्कूटरचा प्लग लावला. वायर सरळ खाली येत होती ती नेमकी डॉक्टरांच्या दवाखान्याच्या खिडकीवरून.

डॉक्टर दुसऱ्याच दिवशी वर आले. "अहो, वारा आला की ती हलते. माझा पेशंट तोंड उघडून खुर्चीत पडलेला असतो, त्याला समोर साप लोंबकळताना दिसतो. तो दचकला तर माझी सुई कुठे जाईल, विचार करा."

सोसायटीची सभा भरली. दीड तास चालली. त्यातला एक तास पाण्याच्या टाकीवर गेला. अखेर ठरलं, की संध्याकाळी सात ते सकाळी साडेसहा वायर सोडावी, दिवसा गुंडाळून ठेवावी. विरोधात एकच हात वर झाला, डॉक्टरांचा. "एक दिवस ही वायर कोणाच्या तरी पायात येईल आणि ओढली जाईल," ते म्हणाले. "मग मला बोलू नका."

तराजूरावांनी हे वाक्य तारीख घालून वहीत उतरवून घेतलं.

प्लास्टर निघालं. बायको कामावर परत गेली ती नेमकी मोठ्या दिवशी. रक्तपेढीच्या परवान्याची तपासणी होती. जुने प्रमुख निवृत्त होत होते, आणि तपासणीच्या पथकासमोर जो सगळं दाखवील त्यालाच पुढे प्रमुख करणार, हे कोणी बोलत नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं. तिने प्लास्टर घालून घरी बसून सगळ्या नोंदी तयार केल्या होत्या, उजव्या हाताने. सव्वासातला पथक येणार होतं.

सव्वासहाला दोघं खाली उतरले. तराजूरावांनी गाडी सुरू केली. पडद्यावर आकडा आला: सतरा किलोमीटर. बॅटरी पूर्ण असती तर नव्वदच्या वर दिसायला हवा होता. प्लग बोर्डातून निघून नुसता लोंबत होता.

त्यांनी प्लगकडे पाहिलं, मग आकड्याकडे. पण बायकोने त्या दिवशी इस्त्रीचे कपडे घातले होते, केस नीट बांधले होते, आणि जवळजवळ पाच महिन्यांनंतर ती त्यांच्या मागे बसत होती. तिला सांगावंसं वाटेना. अंतर बारा. आकडा सतरा. बारापेक्षा सतरा पाचने जास्त. जन्मभर छापील आकड्यावर न विसंबलेला माणूस त्या एका सकाळी विसंबला.

कंपनीने तो आकडा एका माणसाचा धरला होता, सपाट रस्त्यावरचा. उड्डाणपुलाच्या चढावर पडद्यावर कासवाचं चित्र आलं. तराजूरावांना आधी वाटलं, ही काही शोभेची गोष्ट असावी. मग स्कूटर खरोखर कासवासारखी चालू लागली. मग कासवही थांबलं.

पुलावर बस थांबत नाही, रिक्षा थांबत नाही, चालायला कडेला जागा नाही. बायको उतरली. घड्याळ बघितलं. सहा एकेचाळीस.

"काय झालं?"

"चार्ज संपला."

"रात्री लावलीत ना?"

"कोणीतरी प्लग काढला होता."

"आणि तुम्हाला निघताना दिसलं नाही?"

तराजूराव हँडलवरची धूळ पुसू लागले. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि त्यांना दिसलं होतं हे तिला कळलं. मग ती वळली आणि येणाऱ्या गाड्यांना हात करू लागली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. सगळे हॉर्न वाजवून निघून जात. शेवटी एक लांबट पांढरी गाडी वेग कमी करत कडेला आली. इस्पितळाची शववाहिका होती. चालकाने डोकं बाहेर काढलं.

"ताई! इथे काय करताय? पण मी आधी पलीकडे एकांना घ्यायला चाललोय, मग इस्पितळात. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली आणि पुढे चढून बसली.

"मी?" तराजूराव म्हणाले.

चालक अवघडला. "साहेब, पुढे दोघांचीच जागा आहे. मागे आहे, पण झोपून यावं लागेल."

तराजूरावांनी स्कूटरकडे पाहिलं, शववाहिकेच्या मागच्या दाराकडे पाहिलं, आणि मान हलवून नको म्हणाले. गाडी गेली. गर्दीतली वाहनं तिला अदबीने वाट करून देत होती.

ती पोचली तेव्हा आठ वाजायला आले होते. पथक निघण्याच्या तयारीत होतं. तिच्या हाताखालच्या मुलीने सगळं दाखवलं होतं. पुढच्या आठवड्यात प्रमुखपदाचा आदेश त्या मुलीच्या नावाने निघाला.

"छान दाखवलं म्हणे तिने," बायको जेवताना म्हणाली. "दाखवणारच. मीच शिकवलंय तिला."

तराजूराव ताटावरून उठले. कोणावर तरी राग काढल्याशिवाय त्यांना बसवेना, आणि तो कोणावर काढायचा हे तारखेसकट वहीत लिहिलेलं होतं. त्यांनी तीन पानी तक्रार लिहिली. 'दातांचे डॉक्टर यांनी सभेत जाहीर धमकी दिल्याप्रमाणे प्लग काढून माझ्या पत्नीचे अपरिमित नुकसान केले असून...' सेक्रेटरीने ती घ्यायला खळखळ केली, तेव्हा त्यांनी तिची प्रत जिन्यातल्या सूचनाफलकावर लावली. डॉक्टरांचे पेशंट तिथेच बाकावर बसत. गाल धरून बसलेल्या माणसाला वाचायला दुसरं काही नव्हतं. सगळ्यांनी ती वाचली. काही उठून गेले.

डॉक्टरांनीही वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मग आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी तराजूरावांकडे बघणं बंद केलं.

त्याच आठवड्यात बायकोने सांगितलं, की इस्पितळाच्या आवारात कर्मचाऱ्यांसाठी खोल्या आहेत, त्यातली एक तिने घेतली आहे.

"खोली? कशाला?"

"राहायला. दरवर्षी विचारतात. मी दरवर्षी नको म्हणायचे. तुम्ही सोडता म्हणून."

"म्हणजे तू मला सोडून..."

"कामावर चाललेय हो. तुम्हाला सोडून कुठे? तिथून रक्तपेढी चार मिनिटं आहे. चालत. सहा वर्षं राहिलीत नोकरीची. मला झोपायचंय."

ती रागाने बोलली असती तर तराजूरावांना उत्तर देता आलं असतं. ती अगदी नेहमीसारखी, भाजी काय आणू विचारावं तशी बोलत होती.

ती बॅग भरत होती तेव्हा ते टेबलाशी वही घेऊन बसले. खोलीपासून घराचं अंतर, आठवड्याच्या फेऱ्या, असं काहीतरी मांडावं म्हणून त्यांनी पानं चाळली. आणि त्यांना तपासणीच्या आदल्या संध्याकाळची नोंद दिसली. अक्षर त्यांचंच होतं, वळणदार, शाईचं.

'७:४०. वीजमीटरची पडताळणी. प्लग काढला. भाररहित (गाडी न जोडता) वाचन घेतले.'

त्याखाली वाचन होतं. त्याखाली प्लग परत लावल्याची नोंद असायला हवी होती. त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर उड्डाणपुलाचा चढ होता.

त्यांनी परत मागचं पान उलटलं. मग वही घेऊन आत गेले आणि ती बायकोपुढे धरली. तिने साडीची घडी हातात धरूनच वाचलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"मी नऊला कचरा टाकायला खाली गेले होते. प्लग निघालेला दिसला."

"मग लावला का नाहीस?"

"मला वाटलं, तुमचं काहीतरी मोजणं चाललं असेल. मधे हात घातला की तुम्ही ओरडता. सगळा हिशेब चुकला म्हणता." तिने घडी बॅगेत ठेवली. "वर येऊन विचारणार होते. मग म्हटलं, जाऊ दे."

तराजूरावांनी वही मिटली. ते 'जाऊ दे' स्वतःसाठी होतं, गाडीसाठी होतं, की एकोणीस वर्षांसाठी, हे त्यांना विचारवेना. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी सूचनाफलकावरची तक्रार गुपचूप काढून टाकली. टाचण्यांची भोकं तेवढी राहिली. डॉक्टरांचं दार बंद होतं. दोनदा त्यांनी घंटीवर बोट ठेवलं आणि दोनदा उचललं.

बायको गेली. दर रविवारी चार ते सहा ते तिला भेटायला जाऊ लागले. फाटकावर पहारेकरी वही पुढे करायचा. नाव, वेळ, नातं. 'नवरा' असं लिहिताना पहिल्यांदा त्यांचा हात अडखळला. पुढे सवय झाली. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, एक शेगडी. तिने खिडकीत दोन कुंड्या ठेवल्या होत्या. ती आता सहाला उठत होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, गाल भरले होते. तराजूरावांना कशाचंही निरीक्षण करायची सवय होती, आणि निरीक्षण खोटं नोंदवायची नव्हती. त्यांना सोडून ती बरी दिसत होती. हे त्यांनी वहीत लिहिलं नाही, पण चार रविवार सलग पाहिलं.

चौथ्या रविवारी ती त्यांना फाटकापर्यंत पोचवायला आली.

"चार्ज आहे ना?"

"पुरेल," ते आकडा न बघताच म्हणाले.

पुरला नाही. घर दीड किलोमीटरवर असताना, बाजारपेठेच्या ऐन गर्दीत, कासव आलं आणि गेलं. तराजूराव खाली उतरून ढकलू लागले. दुकानांतले दिवे लागले होते. ज्यांचे काटे त्यांनी जप्त केले होते असे निदान तीन दुकानदार दारात उभे राहून बघत होते. त्यातल्या एकाने आपुलकीने विचारलं, "साहेब, वजन किती हो हिचं?"

एवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. कुरकुरणारा, धूर सोडणारा, जिवंत. दातांचे डॉक्टर होते. ते पुढे निघून गेले. दहा पावलांवर थांबले. मग गाडी वळवून मागे आले.

"बसा," ते म्हणाले. त्यांच्याकडे न बघता.

"अं?"

"गाडीवर बसा. मी मागून पाय लावून ढकलतो. हँडल सरळ धरा." डॉक्टरांनी पाय पुढे केला आणि हवेतच धरला. खाली वाकून पाहिलं. "पाय कुठे लावू? हिला सायलेन्सरच नाही!"

"नसतो. इलेक्ट्रिकला नसतो."

"आहे काय मग हिला?" डॉक्टर चिडून म्हणाले. शेवटी त्यांनी मागच्या पायठेव्याला बूट टेकवला. दोन्ही गाड्या हलल्या. पेट्रोलची गाडी खोकत, धापा टाकत चालली होती, आणि तिच्या जोरावर पांढरी गाडी पुढे पुढे मुकाट सरकत होती. तराजूराव ताठ बसून समोर बघत होते. मागे वळून बघितलं तर हँडल वळलं असतं आणि दोघंही आडवे झाले असते. आणि मागे बघावं लागत नव्हतं, म्हणूनच त्यांना बोलता आलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तो प्लग मी काढला होता."

"काय?"

"प्लग! मी काढला होता!"

"ऐकू येत नाही! गाडीचा आवाज आहे! मोठ्याने बोला!"

तराजूरावांनी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं, डोळे समोर ठेवले, आणि भर बाजारात, आपल्या शिक्क्याची वजनं वापरणाऱ्या सगळ्या दुकानांच्या समोरून जाताना, बत्तीस वर्षांच्या नोकरीत कधी चढला नव्हता इतका आवाज चढवून ओरडले, "प्लग मीच काढला होता! तुमची काही चूक नव्हती! मीच काढला आणि लावायला विसरलो!"

दुकानदार बाहेर आले. एक बाई भाजीची पिशवी हातात धरून थांबली.

मागचं इंजिन एकदा खोकलं.

"ऐकलं," डॉक्टर म्हणाले. मग पायाचा जोर वाढवला. "आता पुढे बघा. चढ आहे."